कुंडलिकमामांनी पास केलेली पिवळी गाडी

मित्रांनो, पुण्याकडून येताना कापूरहोळला भोरच्या रस्त्याला वळलात की एक ढाबा लागतो. त्याच्या अंगणात, टायरवाल्याच्या शेडला खेटून, बेडकाच्या तोंडाची एक पिवळी, बसकी गाडी उभी दिसेल. ती मी. जुनी परदेशी स्पोर्ट्स कार. जन्म समुद्रापलीकडचा, मराठी मात्र कापूरहोळची. ढाब्यावरच्या गप्पा ऐकून ऐकून शिकले. एखादा शब्द वावगा निघाला तर पदरात घ्या.

मला बघून तुम्ही "आयला!" म्हणाल, शेजारी उभं राहून फोटो काढाल. काढा बापडे. फक्त पुढून काढा, माझ्या मागं येऊ नका. का ते सांगते, पण डोळे वर करून सांगणं मला जमायचं नाही.

मी जन्मले ते एका लखलखीत कारखान्यात. तिथली माणसं पांढरे हातमोजे घातल्याशिवाय मला हात लावत नसत. रंगावर एक केस पडला तरी सगळं काम थांबायचं. मला वाटलं, जगात सगळीकडं आपली अशीच बडदास्त राहणार. मग जहाजातून इकडं आले, बंदरावर उतरले, आणि पहिल्याच हमालानं माझ्या टपावर चहाचा ग्लास ठेवला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पुण्यातल्या एका बांधकामवाल्या साहेबांनी मला घेतलं. साहेबांचा माझ्यावर लई जीव होता. रस्त्याचा नव्हता. माझं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, आणि इकडचे गतिरोधक असे, की म्हशीनंसुद्धा विचार करून ओलांडावेत. साहेबांनी यावर उपाय काढला. गतिरोधक आला की ते खाली उतरायचे, डिकीतून दोन फळ्या काढायचे, माझ्या चाकांपुढं मांडायचे, मला अलगद वर चढवायचे, पलीकडं उतरवायचे आणि फळ्या गोळा करून पुढं निघायचे. वाऱ्याशी शर्यत लावायला जन्मलेली मी, आणि शेजारून एखादी बाई बाबागाडी ढकलत माझ्या पुढं निघून जायची. तरी कौतुक व्हायचं. पोरं धावत यायची. मला तेवढं पुरायचं.

मग एका पावसाळ्यात साहेबांच्या बिल्डिंगच्या तळघरात नदीचं पाणी शिरलं. लोकांनी धावाधाव करून आपापल्या गाड्या वर काढल्या. मला काढायला साहेबांना फळ्या सापडेनात. मी गळ्यापर्यंत बुडाले. पाणी ओसरलं, पण माझ्या सीटखाली, पोटात आणि मागच्या बंपरच्या पोकळीत नदी मुक्कामालाच राहिली. साहेबांनी मला एका गॅरेजात धाडलं आणि फर्मावलं, "बाहेरून नवी दिसली पाहिजे." गॅरेजवाला शब्दाचा पक्का. बाहेरून नवी केली. आत बोटसुद्धा घातलं नाही. ओल तशीच, चिखल तसाच, आणि वरून पिवळाधमक रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा.

त्या रंगाला भुललेले दुसरे मालक म्हणजे अर्णवसाहेब. त्यांचं वेल्ह्याकडं फार्महाउस होतं. शेवटचा रस्ता खडीचा आणि चढाचा, त्यामुळं फार्महाउस मी कधी पाहिलंच नाही. अलीकडच्या एका गोठ्यात ते मला लावायचे आणि पुढं पायी जायचे. गोठ्यात माझ्या टपावर कोंबड्या झोपायच्या. ऊन आलं की करडं बोनेटवर घसरगुंडी खेळायची. एका म्हशीनं तर माझा आरसा चाटून चाटून उपटलाच. एरवी मी संतापले असते. पण पोटात चिखल दडवून बसलेलीनं म्हशीला काय नावं ठेवायची? अर्णवसाहेब शेवटी पायी चालण्याला कंटाळले आणि मला विकायला सार्थकच्या हवाली करून मोकळे झाले.

सार्थक म्हणजे भोरचा जुन्या गाड्यांचा एजंट. डोळ्यांवर काळा चष्मा, जिभेला ब्रेक नाही. त्यानं मला ह्या ढाब्याच्या अंगणात आणून मांडलं. माझ्या पोटातलं सगळं त्याला ठाऊक होतं. रोज सकाळी टायरवाल्याच्या बॅटरीला तारा जोडून तो माझी मेलेली बॅटरी भरून ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की वाटावं, ही आपली आपणच जिवंत आहे.

आणि मग तो दिवस आला. आठवला तरी अजून माझे काच पुसायचे दांडे आपोआप तोंडापुढं येतात.

सकाळची वेळ होती. अंगणात एक जुना टेम्पो येऊन थांबला. एक दिवा फुटलेला, दाराला दोरी, हौद्यात रिकामे क्रेट. टेम्पोतून उतरला फरहान, भोरचा तरणाताठा पोरगा. हा टेम्पो त्याच्या वडिलांनी, अन्वरभाईंनी, घेतलेला. अन्वरभाईंचे गुडघे गेल्यापासून फरहान चालवायचा. भोंगवलीच्या शेतकऱ्यांची भाजी मार्केटला न्यायची, त्यावर सगळं घर जेवायचं. पण फरहानला भाजीचा कंटाळा आला होता. लग्नसराईत तो लोकांच्या गाड्या फुलांनी सजवून द्यायचा, आणि त्यातून त्याच्या डोक्यात शिरलं होतं की आपल्याकडं नवरदेवाची परदेशी गाडी पाहिजे. वरातीला पिवळी गाडी! सार्थकनं ते हेरलं आणि गळ टाकला. "फरहानभाई, टेम्पो मला दे, गाडी तू घे. अदलाबदल. विषय संपला."

म्हणजे बघा मित्रांनो, त्या दिवशी मी विकली गेले असते, तर एका घराची चूल माझ्या चाकांवर आली असती. आणि माझी चाकं मला माहीत होती.

फरहानच्या मागून त्याची आई उतरली, गुलजारबी. तिच्या मागून डोक्याचा फेटा सावरत भोंगवलीचे कुंडलिकमामा. त्यांची भाजी वर्षानुवर्षं ह्याच टेम्पोतून जायची, त्यामुळं घरोबा होता. आणि मामांना पंचक्रोशीत एकाच गोष्टीसाठी बोलावणं यायचं, बैल पारखायला. फरहानला वाटलं, पारख ती पारख. बैल काय आणि गाडी काय.

मामांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग माझ्या ढुंगणावर फाडकन एक थाप मारली.

"अंगानं बरी हाय. दात दाव."

"काय दाखवू?" सार्थक गोंधळला.

"आरं तोंड उघड तिचं. दात बगितल्याबिगर वय कसं कळायचं?"

सार्थकनं माझं पुढचं झाकण उघडलं. मामा वाकले, आत डोकावले आणि दचकून मागं सरले.

"फरहान, ह्या गाडीला इंजानच न्हाई!"

"काका, हिचं इंजिन मागं असतं. परदेशी पद्धत आहे," सार्थक म्हणाला.

"मागं?" मामांनी मला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "मग तोंड कुठलं म्हनायचं?"

यावर थोडा वेळ चर्चा झाली. शेवटी मामांनी ठरवलं की जनावर उलटं आहे. मग त्यांनी माझे दात मागून मोजले आणि शेपूट पुढून तपासलं. बैलाच्या अंगावर केसांचा भोवरा बघतात, तसा रंगात कुठं भोवरा आहे का ते पाहिलं. दारावर एका ठिकाणी रंगाचा गोल फराटा होता, तो बघून मान डोलावली. "ह्यो शुभ. ह्या जागंला भोवरा असला की धन्याचं घर भरतं." मित्रांनो, तिथं आतून गंज फुगला होता, तो गॅरेजवाल्यानं वर पुट्टी थापून दाबलेला होता. मला वाटलं, धरणी दुभंगावी. पण कापूरहोळची धरणी डांबराची.

गुलजारबी एवढा वेळ लांब उभी होती. सार्थक म्हणाला, "मावशी, बसून तर बघा. तीनशे घोड्यांची ताकद आहे. विमानात बसल्यागत वाटतं."

ती बसली. बसली म्हणजे खाली खाली जातच राहिली. शेवटी फक्त ओढणी दिसायला लागली.

"या अल्ला! फरहान, हिला तळ हाय का न्हाई?"

"आहे अम्मी. आलाच बघ."

सार्थकनं चावी फिरवली आणि माझ्या स्टिअरिंगसमोरच्या फळीवरचे सगळे दिवे एकदम पेटले. लाल, पिवळे, केशरी. प्रत्येक दिवा गळा काढून सांगत होता की इथं बिघडलंय, तिथं बिघडलंय, पळा.

"किती लायटी!" गुलजारबी हरखली. "उरसाला रोषनाई आसती तशी."

"व्हीआयपी मॉडेल आहे मावशी," सार्थक म्हणाला. "साध्या गाडीत एवढे लागत नाहीत."

खरंच लागत नाहीत.

मग फरहाननं टेम्पोतून एक बांधलेला फेटा काढला. सजावटीच्या सामानातला. नवरदेवाच्या गाडीत फेटा मावतो का, हे बघायला त्यानं मुद्दाम आणला होता. गुलजारबीला दोघांनी काखेत धरून उपसून काढलं. फरहाननं फेटा घातला आणि आत बसला. तुरा टपाला लागला. तो खाली सरकला, तसा फेटा डोळ्यांवर आला. आणखी सरकला, तेव्हा हनुवटी छातीला टेकली.

"नवरदेव मान खाली घालून बसंल की," गुलजारबी म्हणाली.

"बसू द्या भाबी," मामा म्हणाले. "लगीन झाल्यावर तसंच बसायचं आसतंय. वरातीपास्नं सवय."

ढाब्यावरचे लोक हसले. गुलजारबी हसली नाही. तिनं दोन्ही सीटांच्या मागं वाकून पाहिलं. मागं काहीच नव्हतं.

"आनि करवली कुठं बसनार? नवरा-नवरी दोनच मावत्यात. करवलीबिगर वरात निगती का?"

"करवली टेम्पोत बसंल अम्मी," फरहान भरात बोलून गेला.

"टेम्पो तर तू देऊन टाकनार हायस न्हवं?"

फरहाननं फेटा काढून सीटवर ठेवला आणि बाहेर आला. शेजारी टेम्पो उभा होता. त्याच्याकडं मी चोरून पाहिलं. त्याचा गंज उघड्यावर होता, फुटका दिवा उघड्यावर होता, दोरी सगळ्या जगाला दिसत होती. ते धूड मुकाट उभं होतं, आणि तरी मलाच त्याच्यापुढं मान वर करवेना.

"आता खोड इचारायची," मामा म्हणाले. आमच्याकडं, म्हणजे तुमच्याकडं, बैलाच्या बाजारात एक रीत आहे. विकणाऱ्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि त्याची खोड सांगायची. मारका असेल तर मारका म्हणायचं, बसका असेल तर बसका. पाठीवर हात असताना खोटं बोलला, तर बाजारात त्याच्या जनावराच्या दाव्याला कुणी हात लावत नाही. मामांनी सार्थकचा हात धरला आणि माझ्या टपावर ठेवला.

"सांग. खोड काय हिची?"

मला वाटलं, आता बोलेल. चष्मा सारखा करत तो म्हणाला, "खोड एकच काका. लई पळती."

लोक पुन्हा हसले. मला मात्र माझा पिवळा रंग तांबडा होतोय असं वाटायला लागलं. खोटं तो बोलला, पण बोलला माझ्या अंगावर हात ठेवून.

"पास!" मामांनी निकाल दिला. "अंग बरं, भोवरा शुभ, खोड न्हाई. फरहान, घे."

फरहाननं खिशातून टेम्पोची चावी काढली. क्षणभर ती मुठीत दाबली आणि सार्थकच्या तळहातावर ठेवली.

तेवढ्यात गुलजारबी माझ्याजवळ आली. मामांनी केलं तसं तिनंही माझ्या टपावर हात ठेवला. कष्टाचा, खरबरीत हात होता. हळू आवाजात म्हणाली, "बाई, आमचं घर त्या टेम्पोवर चालतं. आता तुज्यावर टाकतुया. सांबाळशील न्हवं माज्या पोराला?"

मित्रांनो, मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. पहिल्यांदा विचारलं, आणि उत्तर "नाही" होतं. माझ्याकडं हॉर्न होता, पण पाण्यात बुडाल्यापासून तोही मुका. मी नुसती उभी राहिले. तिनं मला दोनदा थोपटलं. त्या थोपटण्यापेक्षा म्हशीचं चाटणं परवडलं.

"चला, पेपर करू," सार्थक घाईनं म्हणाला.

"थांब," मामा म्हणाले. "वढ बगायची ऱ्हायली."

"ओढ?"

"बैल घेताना भरल्या गाडीला जुपत्यात. चाकं बांदत्यात आनि मग वढाया लावत्यात. त्याबिगर बळ कसं कळनार? हिला टेम्पो वढू दे."

"काका, ही स्पोर्ट्स कार आहे! हिनं टेम्पो ओढायचा?"

"मगाशी कोन म्हनत हुतं तीनशे घोड्यांची ताकद हाय म्हनून? तीनशे घोड्यांला एक टेम्पो वढंना व्हय? तू दे चावी माघारी, म्या बैल बगायला जातो."

सार्थक कात्रीत सापडला. अंगणभर माणसं जमलेली, चावी हातात आलेली. हो म्हणणं भाग होतं. फरहाननं टेम्पोतला दोर काढला. एक टोक टेम्पोला, दुसरं माझ्या मागच्या बंपरच्या आत जी पट्टी हाताला लागली तिला बांधलं. मामा स्वतः टेम्पोत चढले आणि त्यांनी चाकं बांधली, म्हणजे हँडब्रेक कचकन वर ओढला. वर हौद्यात ढाब्यावरची चार धट्टीकट्टी माणसं बसवली. वजन पाहिजे ना!

सार्थक माझ्यात बसला. मामांनी टेम्पोच्या खिडकीतून डोकं काढून आरोळी ठोकली, "हाल्या! हाल्या! चल गं माजी बाय!"

मी जोर लावला. खोटं कशाला बोलू, मला एकदा वाटलं की जमलं तर बरं होईल. एवढ्या माणसांत तेवढी तरी अब्रू राहील. मागची चाकं जागच्या जागी फिरली, धूर निघाला, अंगण दिसेनासं झालं. दोर ताणला. टेम्पो जागचा हलला नाही. आणि मग कडाड् असा आवाज झाला.

माझं मागचं अख्खं बंपर निघालं. दोराच्या टोकाला लटकत टेम्पोच्या तोंडावर आदळलं. मी उडी मारून पुढं गेले आणि बंद पडले. धूर विरला तेव्हा सगळे माझ्या मागं बघत होते.

मला मागं डोळे नाहीत. पण काय सांडलं ते मला माहीत होतं. आधी वाळलेला चिखल धबाधबा पडला. मग ओला चिखल. मग जलपर्णीची मुळं. शिंपले. आणि सगळ्यांत शेवटी, सावकाश, कुणाची तरी डाव्या पायाची रबरी चप्पल.

सार्थक माझ्यातून बाहेर आला, चिखल पाहिला आणि सवयीनं म्हणाला, "हे... पॅकिंग असतं. परदेशातून येताना भरतात."

फरहान खाली बसला. चिखलाचा एक गोळा उचलून बोटांनी चुरडला. वास घेतला.

"पॅकिंग?" तो म्हणाला. "मग ही चप्पल कुठल्या देशाची?"

तेव्हा जे हसू फुटलं, ते पार हायवेपर्यंत ऐकू गेलं असेल. मोबाईल बाहेर आले. माणसं माझ्या उघड्या मागच्या बाजूत टॉर्च मारून व्हिडिओ काढायला लागली. एकजण ओरडला, "मासं घावत्यात का बगा रं!" मित्रांनो, कारखान्यात एक केस पडला तर ज्या अंगासाठी काम थांबायचं, त्याच अंगात आता लोक मासे शोधत होते. एक मात्र सांगते. ते मी जाणूनबुजून केलं असतं तर ताठ मानेनं सांगितलं असतं. पण मी काही केलं नाही. बंपर आपलं आपण निघालं. खरं बोलायचं पुण्यसुद्धा माझ्या नावावर नाही.

मामा टेम्पोतून उतरले. डोक्यावरचा फेटा हातात घेतला. "म्या पास केली व्हती हिला," ते कुणाकडं न बघता म्हणाले. "शुभ भोवरा म्हनलो व्हतो."

"आवं मामा, तुमी वढाया लावली म्हनून तर कळलं," फरहान म्हणाला.

"ते गाढवपनानं कळलं रं. पारखीनं न्हाई."

फरहान उठला आणि सार्थकपुढं हात पसरला. चावीसाठी. सार्थकनं ती दिली. काळा चष्मा काढला नाही, म्हणून त्याला लाज वाटली की नाही ते मला सांगता येणार नाही. मला वाटली, दोघांच्या वाटची.

आणि मग गुलजारबी पुढं झाली. मला वाटलं, आता ही थुंकेल. तिचा हक्कच होता. तिनं टेम्पोच्या हौद्यातून ताडपत्री ओढून काढली, माझ्या उघड्या मागच्या बाजूवर टाकली आणि चारी बाजूंनी खोचली.

"बंद करा रं मोबाईल," ती गर्दीवर खेकसली. "काय बगताय? तिनं काय केलंय? तिला कुनी इचारून रंग दिला व्हता का?"

मोबाईल खाली गेले.

तिघं टेम्पोत बसले. फरहाननं टेम्पो सुरू केला, गिअर टाकला, टेम्पो हलेना. "मामा," तो म्हणाला, "बांदलेली चाकं सोडा की." मामांनी जीभ चावली आणि हँडब्रेक खाली केला. निघता निघता फरहानचा आवाज मला ऐकू आला. "अम्मी, अब्बांना सांगू नको हां."

"सांगनार. का न्हाई सांगनार? पन हसत सांगीन," गुलजारबी म्हणाली.

टेम्पो भोरच्या रस्त्याला लागला. ताडपत्री न्यायची ते विसरले, की तिनं मुद्दाम ठेवली, मला माहीत नाही. मी आपली तिच्याखाली आहे.

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं. पण परवा सार्थक नवीन बंपर आणि पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आलाय. चिखल काढला का? छे. म्हणाला, आत कोण बघतंय. पुढच्या रविवारी साताऱ्याकडचं कुणी गिऱ्हाईक येणार आहे म्हणे. ते तुमच्या ओळखीतलं असेल, तर त्याला एवढं सांगा, की मामांसारखे दात मोजू नकोस आणि सार्थकच्या जिभेवर जाऊ नकोस. गाडीची फरशी उचल, मागं हात घाल, चिखल हाताला लागला की मुकाट्यानं घरी जा.

आणि तुम्हाला माझी कीव आलीच, तर एक काम करा. बुडणं ही काही लाजेची गोष्ट नाही, कुणीही बुडतं. तेव्हा मला विकत घेऊ नका, रंग देऊ नका, माझ्यासोबत फोटोसुद्धा नको. ऊन चांगलं पडलं असेल त्या दिवशी इथनं जाताना जरा थांबा, माझी दोन्ही दारं सताड उघडा आणि तशीच ठेवून जा. इतक्या वर्षांत मला कुणी एकदाही वाळू दिलेलं नाही.